धूसर मुलूख

आमच्या गावच्या घरात ओसरीवरून माजघरात शिरताना उजव्या हाताच्या भिंतीवर, वरच्या बाजूने किंचित पुढे झुकलेला असा, माझ्या पणजोबांचा एक फोटो टांगलेला असे. तालुक्याच्या कचेरीत जमिनीच्या कामासाठी खेटे घालताना केव्हातरी, तिथल्या बाजारपेठेतील एका स्टुडिओत त्यांनी तो काढवून घेतला होता, असे घरात सांगत. डोक्यावर पगडी, अंगात बंद गळ्याचा लांब कोट, एक हात नक्षीदार खुर्चीच्या पाठीवर आणि दुसरा कोटाच्या गुंडीशी येऊन थांबलेला. पगडीचे पेच, गुंड्यांची काजे, जोड्यांची शिवण, कपाळावरची आठी, सारे इतके रेखीव की जवळ जाऊन बोट ठेवावेसे वाटे. त्यांच्या पाठीमागे मात्र एक निराळाच मुलूख पसरलेला होता. एक तळे, तळ्यात उतरणाऱ्या पायऱ्या, पायऱ्यांच्या शेवटी एक छत्री, आणि तिच्या पलीकडे, झाड कुठे संपते आणि डोंगर कुठे सुरू होतो हे सांगता येऊ नये अशा, विरळ होत गेलेल्या करड्या आकृती. असे तळे आमच्या पंचक्रोशीत कोठेही नव्हते. तो पडद्यावर रंगवलेला देखावा होता, आणि पडद्याची खालची कड जमिनीला टेकून जिथे पुढे वळली होती तिथे त्या दगडी पायरीला कापडाची एक सुरकुती पडलेली स्पष्ट दिसे.

तो पडदा रंगवणाऱ्या पेंटरचे नाव आज कोणालाच ठाऊक नाही. परंतु त्याला भिंगाची रीत पक्की ठाऊक होती, असे म्हणावे लागते. १८४० साली व्हिएन्नाच्या योझेफ पेट्झवालने व्यक्तिचित्रणासाठी जे भिंग सिद्ध केले, त्याचे छिद्र तोवरच्या भिंगांहून पुष्कळ मोठे होते. छिद्र मोठे म्हणून प्रकाश अधिक, प्रकाश अधिक म्हणून माणसाने निश्चल बसण्याचा काळ कमी, आणि या सोयीच्या मोबदल्यात समोरच्या माणसामागचे सारे जग आपोआप विरघळून जाई. पुढे स्टुडिओंतील पडदे रंगवणाऱ्यांनी भिंगाचे हे काम कुंचल्याने आगाऊच करून ठेवले. पडद्यावरचा डोंगर त्यांनी रेखीव काढला असता तर तो पुढे येऊन बसलेल्या माणसाच्या खांद्याला भिडला असता. म्हणून त्यांनी त्याला धूसर केले, दूर लोटले, अदबीने मागे उभे केले. धूसर झालेल्या निसर्गाशी माझा पहिला परिचय झाला तो असा, कापडावरच्या रंगांतून. आणि पुष्कळ वर्षांनी, हातात स्वतःचा कॅमेरा आल्यानंतर, मनात हळूहळू असा प्रश्न उभा राहिला की, जिथे पुढे बसणारा माणूसच नाही, जिथे डोंगर, पाणी, गवत आणि आकाश हेच चित्राचे यजमान आहेत, तिथे कोणाला पुढे बसवावे आणि कोणाला मागे सारावे, आणि हा अधिकार मुळात छायाचित्रकाराला दिला कोणी?

निसर्गाच्या छायाचित्रणात एक समजूत फार खोल रुजलेली आहे. पायाशी पडलेल्या धोंड्यापासून क्षितिजावरच्या शेवटच्या सुळक्यापर्यंत सर्व काही सारखेच स्पष्ट आले पाहिजे, आणि त्यांतले काही अस्पष्ट राहिले तर ते छायाचित्रकाराच्या हातचे न्यून, असे पुष्कळांना मनापासून वाटते. या समजुतीला इतिहासाचे पाठबळ आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ साली, म्हणजे ही कला जन्माला येऊन जेमतेम पंधरा वर्षे झाली होती, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी यांच्यासारखे जाणते लोक त्या काळी मुंबईत छायाचित्रणाचा अभ्यास करीत होते. कंपनी सरकारला याच सुमारास लेणी, देवळे, शिलालेख आणि जुन्या इमारती यांच्या विश्वसनीय नकला दप्तरी हव्या होत्या, आणि हाताने काढलेल्या चित्रापेक्षा भिंगाची साक्ष अधिक ग्राह्य मानली जात होती. दप्तरात जाणारे चित्र म्हणजे एक प्रकारचा पंचनामाच. त्यात चतुःसीमा हवी, तपशील हवा, आणि एखादा खांब अस्पष्ट राहिला तर तो साक्षीतला कसूर. लेण्यातल्या खांबांना हा न्याय योग्यच होता. परंतु त्या दप्तरी शिस्तीचा अंमल पुढे डोंगरांवर, नद्यांवर आणि पावसाळी आभाळावरही बसला, आणि मुलूख पाहणे व मुलखाची मोजणी करणे यांतला भेद बराच काळ कोणाच्या ध्यानात आला नाही.

खरे तर दूरच्या वस्तूला धूसर करण्याची रीत आपल्या जुन्या चित्रपरंपरेला फारशी मानवलेली नव्हती. राजस्थानी, पहाडी किंवा दख्खनी लघुचित्रांत टेकडीच्या माथ्यावरचे झाडदेखील पान न् पान काढलेले असते. अंतर सांगायचे असेल तर चित्रकार त्या झाडाला कागदावर वरच्या अंगाला नेऊन ठेवतो, पण त्याच्या पानांचा हक्क हिरावून घेत नाही. त्या चित्रांत डोळा एका जागी उभा नसतो. तो पाखरासारखा सर्वत्र हिंडतो, आणि जिथे जाईल तिथे त्याला सारखीच मेजवानी मिळते. पुढे १८५७ साली मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झाले, तिथे शिकून कोल्हापुरी परतलेल्या आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थाच्या काठी बसून जी निसर्गचित्रे रंगवली, त्यांत हवा आली, ओल आली, आणि पलीकडच्या काठावरची झाडे सुट्या सुट्या रंगबिंदूंत विसावू लागली. मला या दोन्ही रीती प्रिय आहेत. लघुचित्रकाराचे औदार्य आणि आबालालांची एकाग्रता, यांतले अमुकच खरे, असा निवाडा करण्याची इच्छाही होत नाही. परंतु भिंगासमोर उभे राहिले की निवड अटळ होते; कारण भिंग एका वेळी एकाच अंतरावर काटेकोर स्पष्टता देऊ शकते, आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे जे स्पष्ट दिसते ते केवळ आपल्या डोळ्याच्या क्षमाशीलतेमुळे.

या निवडीचा पहिला मोठा कैवारी इंग्लंडात होऊन गेला. पीटर हेन्री इमर्सन हा क्यूबात जन्मलेला, वैद्यक शिकलेला, वादाला सदैव सज्ज असा गृहस्थ. इंग्लंडच्या पूर्व भागात नॉरफोक परगण्यात बोरूंनी वेढलेल्या उथळ जलाशयांचा आणि संथ वाहणाऱ्या नद्यांचा जो सखल प्रदेश आहे, तिथे तो नावेतून हिंडला, आणि टी. एफ. गुडॉल या चित्रकाराच्या साहाय्याने १८८६ साली त्याने त्या प्रदेशाच्या जीवनाचा आणि निसर्गाचा एक देखणा छायाचित्रसंग्रह सिद्ध केला. त्यातले कमळे वेचणाऱ्यांचे छायाचित्र विशेष प्रसिद्ध आहे. एक पुरुष वल्हे धरून बसलेला, एक स्त्री नावेच्या काठावरून पाण्यात वाकलेली, हातात नुकतेच खुडलेले फूल, भोवती कमळांची पाने; आणि मागचा बोरूचा पट्टा मात्र नुसता असल्याची खूण देऊन, आपला दाटपणा तेवढा राखून, मृदू झालेला. १८८९ साली लिहिलेल्या ग्रंथात त्याने आपल्या पद्धतीची मीमांसा केली. माणसाचा डोळा एका क्षणी एकाच लहानशा भागाकडे नीट पाहतो, बाकीचे दृश्य त्याला अंधुक जाणवते. तेव्हा छायाचित्रातही मुख्य वस्तू स्पष्ट असावी आणि इतर भाग किंचित सौम्य असावा, असे त्याचे म्हणणे होते. मात्र ही सौम्यता वस्तूची मूळ घडणच नाहीशी करील इतकी कधीही असू नये, हेही त्याने तितक्याच निक्षून सांगितले होते. पुढच्याच वर्षी जॉर्ज डेव्हिसन याने भिंगाऐवजी सूक्ष्म छिद्रातून कांद्याच्या शेताचे जे छायाचित्र घेतले, ज्यात जवळचे रोप आणि दूरचे घर सारखेच मऊ झाले होते, ते पाहून पुष्कळांना वाटले की आता छायाचित्रणाला चित्रकलेची पदवी मिळाली; इमर्सनला मात्र तसे वाटले नाही. इतकेच नव्हे तर लवकरच काळ्या चौकटीची, एखाद्याच्या निधनाची वार्ता द्यावी तशी, एक पुस्तिका छापून त्याने आपल्याच सिद्धान्ताचा मृत्यू जाहीर केला. माणूस आपल्या मतासाठी भांडतो हे नित्याचे आहे. आपल्या मताचे सुतक असे जाहीरपणे पाळणारा विरळा.

इमर्सनचे शरीरशास्त्र खरेच होते. दृष्टिपटलाच्या मध्यभागी जो अत्यंत तीक्ष्ण भाग आहे त्याची व्याप्ती फार थोडी. हात लांब करून अंगठ्याचे नख पाहावे, तर त्याच्या दीड-दोन पटींएवढ्याच रुंदीचा प्रदेश आपल्याला एका वेळी खरोखर स्वच्छ दिसत असतो. परंतु या सत्यावरून त्याने जे अनुमान काढले ते मला पटत नाही, आणि का पटत नाही ते प्रत्यक्ष डोंगरावर उभे राहिले म्हणजे कळते. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या काठाशी बसून पाहावे. पुढे वाऱ्याने लवणारे गवताचे पाते आहे, त्याच्याकडे पाहिले तर ते स्वच्छ. नजर उचलून कड्याच्या अंतर्वक्र भिंतीकडे नेली तर तिच्यावरचा प्रत्येक आडवा थर स्वच्छ. आणखी खाली कोकणातल्या शेतांच्या बांधांकडे नेली तर तेही स्वच्छ. डोळा जिथे जातो तिथे स्पष्टता त्याच्या सोबत जाते, आणि ज्याला आपण अंधुक सोडून आलो ते अंधुक आहे हे आपल्याला कधी जाणवतच नाही. छायाचित्रात असे होत नाही. तिथे पाहणाऱ्याची नजर कड्याकडे वळते आणि कडा धूसरच राहतो. ती पुन्हा जाते, कडा पुन्हा धूसर. म्हणजे छायाचित्रातली धूसरता ही डोळ्याची नक्कल नव्हे. तो एका माणसाने दुसऱ्या माणसाच्या नजरेला केलेला हुकूम आहे: इथे थांब, पुढचे मी पाहिले आहे, तू ते इतकेच पाहा.

हुकूम म्हटला की जबाबदारी आली. आणि म्हणूनच मला वाटते, धूसरता डोळ्यापेक्षा स्मरणाच्या अधिक जवळची आहे. एखाद्या ठिकाणाहून परतल्यावर आपल्याजवळ काय उरते? उंबराच्या बुंध्याला चिकटलेली फळे उरतात, ओढ्यातल्या एका गोट्याचा शेवाळी स्पर्श उरतो, आणि त्यांच्याभोवती तो सारा परिसर एखाद्या मंद स्वरासारखा भरून राहतो. त्याचा तपशील सांगता येत नाही, परंतु दुसऱ्या कोणत्याही परिसराशी त्याची गल्लतही होत नाही. ही जी गल्लत न होण्याची गोष्ट आहे ती मोठी मोलाची आहे.

ज्यांनी धूसरतेला साफ नकार दिला त्यांच्याविषयीही मला अत्यंत आदर आहे. १९३२ साली सान फ्रान्सिस्को येथे अन्सेल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम प्रभृती सात जणांनी जो गट स्थापन केला, त्याने आपले नावच एका अतिसूक्ष्म छिद्राच्या आकड्यावरून, एफ/६४ असे, घेतले. मोठ्या काचेवर वा फिल्मवर चित्र घेणाऱ्या कॅमेऱ्यात छिद्र इतके बारीक केले की जवळच्या खडकाच्या कणापासून दूरच्या हिमशिखरापर्यंत सर्व काही एकाच निष्ठेने उमटते. त्यांच्या आधीच्या पिढीत भिंगावर चरबट पदार्थ माखून, जाळी ताणून, कागदावर कुंचला फिरवून छायाचित्राला चित्राचा वेष चढवण्याची जी प्रथा माजली होती, तिच्याविरुद्धचे ते बंड होते. आणि ते आवश्यक होते. ॲडम्सने १९२७ साली योसेमिटीतील हाफ डोमच्या सरळसोट कातळाचे जे चित्र घेतले ते पाहताना, त्या दगडाला धूसर करणे हा त्याचा अवमान झाला असता, असेच कोणीही म्हणेल. परंतु योसेमिटीची हवा कोरडी आहे आणि तिथला ग्रॅनाइट उघडा आहे. आमच्या सह्याद्रीवर ज्येष्ठापासून आश्विनापर्यंत जी हवा असते, तिच्यात एफ/६४ चे व्रत पाळणे छायाचित्रकाराच्या हाती उरत नाही. तिथे ढगच दरीतून वर चढतो आणि कोणता सुळका दाखवायचा, कोणता झाकायचा, याचा बंदोबस्त तो स्वतः करतो.

ही हवेची धूसरता भिंगाच्या धूसरतेहून अगदी निराळ्या कुळातली. भिंग वस्तूच्या कडा विरघळवते. हवा कडांना हात न लावता वस्तूतला काळोख काढून घेते. पावसाळा ओसरल्यावर राजगडाच्या बालेकिल्ल्यावरून पश्चिमेकडे पाहिले तर डोंगरांच्या रांगेमागे रांग उभी दिसते, पहिली गर्द, दुसरी निळी, तिसरी त्याहून फिकी, आणि शेवटची इतकी पातळ की ती रांग आहे की क्षितिजावर रेंगाळलेला ढग आहे याचा संशय यावा. परंतु प्रत्येक रांगेची शिखररेषा मात्र अखेरपर्यंत कापून काढावी तशी नेमकी. लिओनार्दोने हे रहस्य आपल्या टिपणवह्यांतून चित्रकारांना समजावून दिले होते. छायाचित्रकाराने त्यात स्वतःची भर घालू नये असे माझे मत आहे. जिथे हवेने अंतराची एवढी बारीक मोजदाद करून ठेवली आहे तिथे छिद्र बारीक करावे, कॅमेरा ट्रायपॉडवर स्थिर ठेवावा आणि गप्प राहावे.

आणि वेगाची धूसरता? कोकण रेल्वेच्या खिडकीशी बसलेल्या माणसाला तिची ओळख करून द्यावी लागत नाही. ताशी साठ किलोमीटरने धावणारी गाडी सेकंदाच्या साठाव्या भागात सुमारे अठ्ठावीस सेंटीमीटर पुढे जाते. तेवढ्या अवधीत घेतलेल्या छायाचित्रात रुळालगतचा टाकळा आणि कुडाचे खांब ओढून ताणलेल्या हिरव्या पट्ट्यांसारखे दिसतात, मधली भातखाचरे जराशी हलतात, आणि दूरचा डोंगर जागचा ढळत नाही. पठारावर गुडघे टेकून छिद्र मोठे ठेवून घेतलेल्या चित्रात जवळचे स्पष्ट आणि दूरचे विरलेले असते. गाडीतून घेतलेल्या चित्रात जवळचे विरते आणि दूरचे टिकते. पहिल्यात वस्तीला आलेल्या माणसाची दृष्टी आहे, दुसऱ्यात निघून चाललेल्या माणसाची. कोकणातून मुंबईला जाणाऱ्या किती पिढ्यांनी आपले गाव असे पाहिले असेल: अंगणातली तुळस, आगराची वई, वाटेवरचा पार सारे झरझर निसटून चाललेले, आणि केवळ डोंगर तेवढा बराच वेळ सोबतीला राहिलेला!

धबधब्यांचे मात्र मला वाईट वाटते. झडप सेकंद-दोन सेकंद उघडी ठेवून पाण्याचा मऊ, दुधी पदर करून टाकण्याची जी पद्धत आज सर्वत्र रूढ झाली आहे, तिने आंबोलीचा, ठोसेघरचा आणि आणखी कुठलाही प्रपात यांना एकच चेहरा दिला. पाण्याचे वजन गेले. खडकावर आपटताना त्याचे जे तुकडे होतात ते गेले. जो घोष ऐकून आपण वाट सोडून तिथवर आलो तो तर चित्रातून पार हद्दपार झाला. सेकंदाच्या तिसाव्या-पंधराव्या भागात पाहावे, म्हणजे पाणी वाहतेही आणि पडतेही.

परंतु निवडक स्पष्टतेचे खरे शिक्षण मिळते ते कासच्या पठारावर. साताऱ्याहून यवतेश्वराचा घाट चढून पंचवीसएक किलोमीटर गेले की जांभ्या कातळाची ही सपाटी लागते. २०१२ साली पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला तेव्हा त्या यादीत कासचाही समावेश झाला. कातळावर मातीचा थर इतका पातळ की मोठे झाड मूळ धरू शकत नाही. म्हणूनच तिथे लहान वनस्पतींचे राज्य नांदते. पावसाळ्याच्या उत्तरार्धात गेंदाच्या पांढऱ्या गुंड्या, तेरड्याचे गुलाबी ताटवे, आणि त्यांच्यामधून निळसर जांभळी सीतेची आसवे उगवतात. ही आसवांची वनस्पती कीटकभक्षी आहे. ओल्या मातीत लपलेल्या सूक्ष्म पिशव्यांनी ती आपले भक्ष्य टिपते, आणि वर वाऱ्यावर डोलणारे तिचे फूल एखाद्या सेंटीमीटरचे. उभ्याने पाहिले तर या फुलांचा केवळ एक रंगीत पट्टा दिसतो. त्यांच्यातले एखादे पाहायचे असेल तर गुडघे टेकावे लागतात, मग कोपर, आणि शेवटी गाल जमिनीला लागण्याच्या बेताला येतो.

असे बसून, पन्नास मिलिमीटरचे भिंग पस्तीस मिलिमीटरच्या कॅमेऱ्यावर चढवून, अर्ध्या मीटरवरचे एक फूल स्पष्ट करावे. छिद्र एफ/१.८ इतके मोठे ठेवले तर स्पष्टतेची खोली जेमतेम एक सेंटीमीटर भरते. म्हणजे एका फुलापुरतीच. त्याच्या मागच्या दांडीवरची कळी बाहेर, आणि क्षितिजावरचा प्रत्येक बिंदू छत्तीस मिलिमीटर रुंदीच्या चौकटीत तीन मिलिमीटर व्यासाची चकती होऊन बसतो. चौकटीच्या बाराव्या हिश्शाएवढी ही चकती. अशा असंख्य चकत्या एकमेकींवर पसरल्या की पठाराची उतरती कड, तिच्याखालची दरी, पलीकडची डोंगररांग यांतले काहीच शाबूत राहत नाही. उरतो तो हिरव्या-करड्या रंगाचा एक मऊ लेप. फूल मोठे मोहक दिसते, पण ते कुठले? कुंडीतले म्हटले तरी खपेल. आता त्याच जागी, तसेच पडून, छिद्र एफ/८ करावे. स्पष्टतेची खोली चार सेंटीमीटरांच्या घरात जाते. मागची कळी, शेजारची गेंदाची एखादी गुंडी आत येते. आणि दूरच्या बिंदूची चकती पाऊण मिलिमीटरहूनही लहान, चौकटीच्या पन्नासाव्या हिश्शाएवढी होते. डोंगर अजून धूसरच आहे. परंतु आता तो डोंगर आहे. त्याचा माथा सपाट आहे, त्याच्या कुशीत ढगाची एक पांढरी शीर उतरली आहे, आणि ज्याने सह्याद्री पाहिला आहे तो दुरूनही सांगेल की हा मुलूख आपला. नॉरफोकच्या बोरूबनात इमर्सनने घालून घेतलेली ती मर्यादा, वस्तूची घडण नाहीशी न करण्याची, इथे जांभ्या कातळावर पोट टेकून पडल्यावर तिची सारी थोरवी कळते. धूसर झालेल्या डोंगरालाही त्याचे गाव असावे, त्याची शीव असावी, आणि फुलाला आपल्या मागे कोण उभे आहे याचा आधार असावा. एवढेच मला या कलेकडून हवे आहे.

संध्याकाळी दरीपलीकडच्या वस्तीत दिवे लागतात तेव्हा मात्र मी या नियमाला स्वतःहून थोडी सूट देतो. मीटरभर अंतरावरच्या कारवीच्या फांदीवर भिंग रोखून, छिद्र पूर्ण उघडून पाहिले तर तो एकेक दिवा चित्रात एक तेजस्वी वर्तुळ होतो. बारा इंच रुंदीच्या कागदावर छापले तर सव्वा सेंटीमीटरचे. चौकटीच्या मध्यावर ती वर्तुळे गोल असतात, कडेकडेला सरकताना ती बदामाच्या आकारासारखी चिंचोळी होतात, आणि छिद्र थोडे मिटले तर त्याच्या पात्यांच्या संख्येनुसार त्यांना पाच, सात किंवा नऊ कोन येतात. दिव्यांची ती वर्तुळे मोजली तर चित्रातही वस्तीतली घरे मोजता येतात, म्हणून ही सूट मला गैर वाटत नाही.

गेल्या काही वर्षांत धूसरतेचा एक नवा प्रकार घरोघर आला आहे. मोबाइलचे भिंग इतके लहान की दोन-चार मीटरांपलीकडचे सारे त्याला आपोआपच स्पष्ट दिसते; भिंगाला जे साधत नाही ते २०१६ च्या सुमारापासून आतले गणित करून देऊ लागले. ते गणित समोरची आकृती ओळखते, तिच्याभोवती रेषा आखते आणि रेषेबाहेरचे सारे पुसट करते. माणसाच्या चेहऱ्यापुरते ते पुष्कळदा उत्तम साधते. परंतु गवतावर ते फसते, कारण गवताला अशी हद्द नसते. एक पाते पुढून निघून मागे जाते, वाटेत हळूहळू विरत जाते, आणि अंतर म्हणून जे काही आहे ते त्या विरत जाण्यातच असते. गणिताने एका पात्याचा अर्धा भाग रेखीव ठेवला आणि उरलेला एकदम पुसून टाकला की फुलाच्या पायाखालची जमीन जाते. पणजोबांच्या पाठीमागचे तळे निदान कोणीतरी मन लावून रंगवलेले होते. म्हणून निसर्गाच्या चित्रात ही धूसरता मी वापरीत नाही, आणि माझ्याकडे शिकायला येणाऱ्या तरुण मुलांनाही तेच सांगतो: धूसर करायचे ते जागेवर करा, डोंगर समोर असताना, तो आधी पाच मिनिटे उघड्या डोळ्यांनी पाहून मग करा.

आणखी एक विनंती कासला जाणाऱ्या प्रत्येकाला करावीशी वाटते. पार्श्वभूमी विरघळवायची तर कॅमेरा जमिनीलगत आणावा लागतो, आणि त्या हव्यासात दर हंगामात कितीतरी ताटवे कोपरांखाली, गुडघ्यांखाली आणि पाठीवरच्या पिशव्यांखाली चिरडले जातात. सीतेच्या आसवांसारख्या वर्षायू वनस्पती बी धरण्यापूर्वीच तुडवल्या गेल्या, तर पुढच्या पावसाळ्यासाठी त्या जागी तेवढे बी कमी पडते. पठारावर उघडा कातळ पुष्कळ आहे. त्याच्यावर बसा, त्याच्यावरच पडा, आणि फूल तिथून दूर असेल तर लांब पल्ल्याचे भिंग लावा. तेही जवळ नसेल तर ते फूल डोळ्यांनी पाहून परत या.